गडगडाट ऐकू आला? चला आत!

मुलांनो, मराठीत 'वीज' या एका शब्दाचे दोन अर्थ आहेत. घरातला दिवा लागतो तो विजेवर, आणि आभाळात चमकते तीही वीजच. दोन्ही मुळात एकच आहेत, हे बेंजामिन फ्रँकलिन यांनी सुचवलेल्या प्रयोगातून १७५२ साली सिद्ध झाले. फरक एवढाच की आभाळातली वीज बटण दाबून बंद करता येत नाही!

आपण राहतो त्या सिंगापुरात वर्षातले सरासरी १६० हून अधिक दिवस ढग गडगडतात. एप्रिल, मे आणि नोव्हेंबरमध्ये तर फारच. विषुववृत्ताजवळचे कडक ऊन आणि समुद्रावरची दमट हवा यांमुळे दुपारपर्यंत उंचच उंच ढग तयार होतात. त्यांत बर्फाचे कण आणि छोट्या गारा एकमेकांवर आपटून विद्युतभार साठतो, आणि वीज चमकते. नेमकी तीच आपली फुटबॉलची आणि पोहण्याची वेळ असते. कधी कधी सुमात्राकडून येणारे वादळ पहाटेही गाठते.

वीज किती लांब आहे?

प्रकाश आपल्याला लगेच दिसतो. आवाज मात्र सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे एका किलोमीटरला साधारण ३ सेकंद. वीज चमकली की मराठीत मोजा: एक हजार एक, एक हजार दोन... बारापर्यंत मोजल्यावर गडगडाट झाला, तर वीज ४ किलोमीटरवर आहे. अंकांचा सरावही होईल! पण मोजायचे ते आत बसून. वीज ढगापासून १० किलोमीटर किंवा त्याहून लांबही पडू शकते. म्हणून गडगडाट ऐकू आला, की आपण धोक्याच्या टप्प्यात आहोत असेच समजावे.

बाहेर असताना काय करावे?

१. खेळ लगेच थांबवा. पाण्यातून बाहेर या. तलावावर किंवा मैदानावर इशाऱ्याचा दिवा लागला, तर वाद घालू नका.
२. पक्क्या इमारतीत जा. एचडीबीच्या व्हॉइड डेकमध्ये थांबलात, तर कडेला उभे राहू नका.
३. बंद मोटारीत किंवा बसमध्ये बसलात तरी चालेल. तिथे वाचवते ते धातूचे आवरण, रबरी टायर नव्हेत.
४. झाडाखाली कधीही थांबू नका. मोकळ्या मैदानात छत्री उघडू नका.
५. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटे आतच थांबा.

पालकांनो, 'आणखी पाचच मिनिटे, मॅच संपू दे' हे आपल्यालाही मोहात पाडते. मुले आपल्याकडे पाहून शिकतात. आपण उठलो, की तीही उठतील.

कोणावर वीज पडली, तर त्याला हात लावायला भिऊ नका. त्याच्या अंगात वीज उरत नाही. ९९५ ला फोन करा. श्वास थांबला असेल, तर छाती दाबण्याचा प्रथमोपचार मोठ्यांनी ताबडतोब सुरू करावा.

सुट्टीत गावी गेल्यावर

महाराष्ट्रात मे महिन्यात वळवाचा पाऊस येतो, तेव्हा शेतात काम करणारी माणसे आडोशाला झाडाखाली जातात आणि काहींचा त्यात जीव जातो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले 'दामिनी' हे मोबाइल ॲप जवळपासच्या विजेची सूचना देते. आजोबांच्या फोनवर ते तुम्हीच बसवून द्या. विजा कडाडल्या की आजी अर्जुनाची नावे घ्यायला सांगते ना? जरूर घ्या, पण घरात बसून!

शब्दार्थ: दामिनी – वीज, वळीव – पावसाळ्याआधीचा अवचित पाऊस, आडोसा – आसरा.

गृहपाठ: चमकणे, गडगडणे, कडाडणे ही क्रियापदे वापरून तीन वाक्ये लिहा. वीज चमकल्यापासून १८ सेकंदांनी आवाज आला, तर वीज किती किलोमीटरवर आहे?