मोफत क्रेडिट रिपोर्ट: गैरसमज आणि वस्तुस्थिती

कर्ज किंवा क्रेडिट कार्ड घेणाऱ्या व्यक्तीच्या परतफेडीची नोंद बँका आणि वित्तसंस्था पतमाहिती कंपन्यांकडे पाठवतात. या नोंदींचा अहवाल म्हणजे क्रेडिट रिपोर्ट. भारतात या कंपन्यांचे कामकाज २००५ च्या पतमाहिती कंपन्या (नियमन) कायद्यानुसार, रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली चालते.

गैरसमज : रिपोर्टसाठी पैसे मोजावेच लागतात.
वस्तुस्थिती : रिझर्व्ह बँकेच्या २०१६ च्या आदेशानुसार, १ जानेवारी २०१७ पासून प्रत्येक कंपनीने कर्जदाराला कॅलेंडर वर्षातून एकदा संपूर्ण रिपोर्ट विनामूल्य देणे बंधनकारक आहे. कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर नाव, जन्मतारीख, पॅन आणि मोबाइल क्रमांक भरून ओटीपीने ओळख पटवली की तो मिळतो. तिथे सशुल्क योजनाही दाखवल्या जातात. मोफत वार्षिक रिपोर्टसाठी त्या घेण्याची गरज नसते.

गैरसमज : क्रेडिट रिपोर्ट म्हणजे फक्त ‘सिबिल’.
वस्तुस्थिती : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क अशा चार कंपन्या आहेत. चौघींचे मिळून वर्षाला चार मोफत रिपोर्ट मिळू शकतात. परतफेडीच्या नोंदींवरून काढलेला पतगुणांक म्हणजे क्रेडिट स्कोअर; तो ३०० ते ९०० या पट्ट्यात असतो. मात्र मोजण्याची पद्धत वेगळी असल्याने चारही आकडे तंतोतंत जुळतीलच असे नाही.

गैरसमज : स्वतःचा रिपोर्ट पाहिला की स्कोअर घसरतो.
वस्तुस्थिती : स्वतः केलेल्या चौकशीचा स्कोअरवर परिणाम होत नाही. कर्जाच्या अर्जानंतर बँकेने केलेली चौकशी मात्र रिपोर्टमध्ये नोंदली जाते. थोड्या दिवसांत अनेक ठिकाणी अर्ज केल्यास स्कोअर खाली येऊ शकतो.

गैरसमज : कर्ज फिटले की रिपोर्ट आपोआप स्वच्छ होतो.
वस्तुस्थिती : बंद झालेल्या कर्जाचा इतिहासही रिपोर्टमध्ये राहतो. हप्ता किती दिवस थकला होता, हे त्यात महिन्यागणिक दिसते : ‘०००’ म्हणजे थकबाकी नाही, ‘०३०’ म्हणजे तीस दिवसांचा उशीर. तडजोडीने कमी रक्कम भरून मिटवलेल्या खात्यापुढे ‘सेटल्ड’ असा शेरा पडतो. नवे कर्ज देताना बँका तो प्रतिकूल मानतात. पूर्ण फेडलेल्या ‘क्लोज्ड’ खात्याइतके ‘सेटल्ड’ खाते चांगले मानले जात नाही.

गैरसमज : रिपोर्टमधली चूक एजंटशिवाय दुरुस्त होत नाही.
वस्तुस्थिती : फेडलेले कर्ज चालू दिसणे किंवा कधीच न घेतलेले कर्ज नावावर दिसणे, अशा चुकांची तक्रार संबंधित कंपनीकडे किंवा बँकेकडे विनामूल्य करता येते. पतमाहिती कंपनी बँकेची नोंद परस्पर बदलत नाही; बँकेने दुजोरा दिल्यावरच दुरुस्ती होते. तक्रार तीस दिवसांत निकाली निघाली नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई देण्याचा नियम रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०२३ मध्ये काढला. त्यानंतरही दाद न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. खरी थकबाकी मात्र कोणताही एजंट पुसू शकत नाही. म्हणून ‘सिबिल क्लिअर करून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे, पॅन किंवा ओटीपी देऊ नये.