भोपाळच्या घरात समुद्र

भोपाळला मोठा तलाव आहे, पण गोड्या पाण्याचा. तिथल्या माझ्या भाच्याला 'निमो' पाहिल्यापासून प्रवाळाची टाकी हवी. "मावशी, आधी काय घेऊ?" म्हटलं, "मीठ!"

टाकी शंभर लिटरची तरी हवी. लहान टाकीत पाणी चटकन बिघडतं. आरओच्या पाण्यात लिटरला सुमारे 35 ग्रॅम सागरी मीठ. आपलं स्वयंपाकघरातलं 'उप्पू' चालत नाही बरं का! पाणी आटतं, मीठ आटत नाही; म्हणून रोजची भर साध्या आरओच्या पाण्याचीच. भोपाळचा मे चाळिशीपार जातो, टाकीला 25-26 अंश लागतात. तेव्हा पंखा, नाहीतर चिलर. मासा सोडण्याआधी चार-सहा आठवडे टाकी नुसतीच चालवायची, अमोनिया पचवणारे जिवाणू वाढेपर्यंत. इथंच पोरांचा धीर सुटतो.

आणि प्रवाळ? कठीण प्रवाळांना 2001 पासून वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे. दुकानदार काहीही सांगो, समुद्रातून तोडलेला तुकडा घरी आणणं गुन्हाच. भाचा हिरमुसला. मग सिरॅमिकचे खडक घेतले. मासेही हौदात पैदास झालेले क्लाऊनफिशच घ्यायचे ठरले.

सध्या तिसरा आठवडा चालू आहे. रिकाम्या टाकीसमोर तासन्‌तास बसतो, असं ताई फोनवर सांगत होती.