संबंध आणि आश्रय : समवायविषयक एका आक्षेपाचा पुनर्विचार

१

मेजावर पुस्तक आहे, फुलात तांबडा रंग आहे, तंतूंत वस्त्र आहे, या तिन्ही विधानांची व्याकरणिक घडण सारखीच आहे. परंतु ज्या वस्तुस्थितीचे ती वर्णन करतात ती मात्र सारखी नाही. पुस्तक मेजावरून उचलले तरी पुस्तकही राहते आणि मेजही राहते. फुलाचा रंग असा उचलून बाजूला ठेवता येत नाही. आणि तंतू वेगळे केले की तंतू उरतात, वस्त्र उरत नाही. वैशेषिकांनी पहिल्या प्रकारच्या संबंधास संयोग म्हटले व त्याची गणना गुणांत केली. उरलेल्या दोन प्रकारांसाठी त्यांनी समवाय हा निराळाच पदार्थ मानला.

या समवायावर भारतीय दर्शनांत जितके कठोर प्रहार झाले तितके क्वचितच दुसऱ्या एखाद्या पदार्थावर झाले असतील. त्यांपैकी अनवस्थेचा आक्षेप सर्वांत प्रसिद्ध आहे, व तो निर्णायक आहे असे सामान्यतः मानले जाते. या आक्षेपाने नेमके काय खंडित होते आणि काय अबाधित राहते, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. संबंध आणि अवलंबन या दोन कल्पना वेगळ्या केल्या म्हणजे समवायातील सारभूत अंश आक्षेपाच्या कक्षेबाहेर राहतो. मात्र त्यासाठी नैयायिकाला एक किंमत मोजावी लागते, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे.

२

प्रथम समवायाचे स्वरूप पाहू. प्रशस्तपादांच्या मते जे पदार्थ अयुतसिद्ध आहेत आणि ज्यांच्यात आधार-आधेयभाव आहे, त्यांच्यातील संबंध म्हणजे समवाय. ‘याच्या ठिकाणी हे आहे’ या प्रतीतीचे कारण तोच होय. अशा जोड्या पाच मानल्या जातात : अवयव आणि अवयवी, गुण आणि गुणी, क्रिया आणि क्रियावान, जाती आणि व्यक्ती, विशेष आणि नित्यद्रव्य. समवाय हा एक असून नित्य आहे, असेही प्राचीन मत आहे.

येथे ‘अयुतसिद्ध’ हा शब्द महत्त्वाचा आहे. सतराव्या शतकातील अन्नंभट्टांनी ‘तर्कसंग्रह’ या ग्रंथात त्याचे लक्षण मोठ्या काटेकोरपणे केले आहे. १८९७ साली मुंबई संस्कृत ग्रंथमालेत निघालेल्या आठल्ये-बोडस यांच्या आवृत्तीमुळे हा ग्रंथ आपल्याकडील अभ्यासकांच्या चांगल्याच परिचयाचा आहे. दोहोंपैकी एक पदार्थ, तो नाशोन्मुख नसेपर्यंत, दुसऱ्याच्या आश्रयानेच राहतो, तेव्हा ते दोन्ही अयुतसिद्ध होत, असा त्या लक्षणाचा आशय आहे. ‘दोन्ही एकमेकांवाचून राहत नाहीत’ असे अन्नंभट्ट म्हणत नाहीत, ही गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ते एकाच पदार्थाविषयी बोलतात. वस्त्र तंतूंवाचून राहत नाही. तंतू वस्त्रावाचून खुशाल राहतात.

‘नाशोन्मुख नसेपर्यंत’ या मर्यादेचे प्रयोजनही उद्बोधक आहे. कारणाचा नाश कार्याच्या नाशापूर्वी एक क्षण होतो, असे न्यायमत असल्यामुळे तंतुनाशानंतर एक क्षणभर वस्त्र निराश्रय असते असे मानावे लागते. त्या एका क्षणासाठी लक्षण लटके पडू नये म्हणून ही मर्यादा घातली आहे. उलट टोकास, द्रव्य हे आपल्या गुणांचे समवायिकारण असल्यामुळे ते गुणांच्या एक क्षण आधी असलेच पाहिजे. म्हणून उत्पत्तिक्षणी घट निर्गुण असतो, असेही नैयायिक म्हणतात. ही मते प्रथमदर्शनी विलक्षण वाटतील. परंतु अवलंबनाला दिशा असते, आणि ती दिशा व्यवस्थेतील इतर सोयींसाठी बदलता येत नाही, याची जाणीव त्यांच्यामागे आहे.

३

आता आक्षेपाकडे वळू. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायातील दुसऱ्या पादाच्या तेराव्या सूत्रावरील भाष्यात शंकराचार्य असा युक्तिवाद करतात. द्व्यणुक हे परमाणूंहून अत्यंत भिन्न असूनही समवायाने त्यांच्याशी संबद्ध होते, असे वैशेषिक मानतात. मग समवायही आपल्या संबंधींहून अत्यंत भिन्नच आहे. तेव्हा त्यालाही त्यांच्याशी जोडणारा दुसरा समवाय हवा, त्याला तिसरा, आणि अशी अनवस्था प्राप्त होते. समवाय स्वभावतःच संबद्ध असतो, त्याला दुसऱ्या संबंधाची गरज नाही, असे उत्तर दिल्यास तोच न्याय संयोगालाही लावता येईल. मग संयोगासाठी तरी समवाय कशाला? संयोग गुण आहे आणि समवाय गुण नाही, हा परिभाषेचा भेद झाला. दोहोंची गरज सारखीच आहे.

एफ. एच. ब्रॅडली यांनी १८९३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अपिअरन्स अँड रिअॅलिटी’ या ग्रंथाच्या तिसऱ्या प्रकरणात याच धर्तीचा युक्तिवाद केला. संबंध हा संबंधींहून स्वतंत्र काही असेल तर त्याला संबंधींशी जोडण्यासाठी नवे संबंध लागतात, व ही मालिका संपत नाही. तो स्वतंत्र काहीच नसेल तर तो जोडणार कशाला? यावरून संबंधयुक्त जग हे अंतिम सत्य नव्हे, असा निष्कर्ष त्यांनी काढला.

सातव्या शतकातील धर्मकीर्तींचा ‘संबंधपरीक्षा’ या ग्रंथातील प्रश्न याहून मूलगामी आहे. त्यांच्या दृष्टीने संबंध म्हणजे पारतंत्र्य, एकाने दुसऱ्यावर अवलंबून असणे. परंतु जे सिद्ध आहे त्याला पारतंत्र्य कसले? आणि जे सिद्धच नाही ते अवलंबून तरी कसे राहणार? म्हणून वस्तुतः संबंध नाही. पहिले दोघे संबंधावर आघात करतात. धर्मकीर्ती थेट अवलंबनावरच करतात. समवायाच्या भवितव्याचा निकाल म्हणूनच येथे लागावयाचा आहे.

४

शंकराचार्य आणि ब्रॅडली यांच्या आक्षेपात एक गृहीतक आहे : संबंध म्हणजे दोन वस्तूंच्या जोडीला असलेली तिसरी वस्तू. एकदा तिसरी वस्तू मानली की चौथी टळत नाही. बर्ट्रांड रसेल यांनी १९०३ च्या ‘द प्रिन्सिपल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’ मध्ये दाखविले की ‘अ, भेद, ब’ ही तीन नावांची यादी आणि ‘अ हा ब हून भिन्न आहे’ हे विधान, यांत मोठे अंतर आहे. यादीत कितीही नावे घातली तरी तिचे विधान होत नाही. अनवस्थेत आपण करतो ते हेच : विधान हवे असताना यादी लांबवीत जातो.

परंतु ‘रंग फुलाच्या आश्रयाने राहतो’ असे म्हणताना रंग, फूल आणि आश्रय अशा तीन वस्तू मोजण्याचे कारण नाही. आपण रंगाविषयी, तो कोणत्या जातीचा पदार्थ आहे याविषयी बोलत असतो. नव्यनैयायिकांची स्वरूपसंबंधाची कल्पना याच दिशेने जाते. भूतलावर घटाचा अभाव आहे, तेव्हा त्या अभावाला भूतलाशी जोडणारा तिसरा पदार्थ ते मानीत नाहीत. संबंधीचे स्वरूपच संबंधाचे कार्य करते. समवाय आपल्या संबंधींशी स्वरूपानेच संबद्ध असतो, हे उत्तरही त्यातूनच येते.

धर्मकीर्तींच्या द्विधेचे काय? ‘जे सिद्ध आहे ते स्वतंत्रच असते’ असे त्यांनी गृहीत धरले आहे. अवलंबन म्हणजे केवळ उत्पत्तीसाठी लागणारी मदत असती तर हे गृहीतक पटले असते; उत्पन्न झालेल्या पुत्राला अस्तित्वासाठी पित्याची गरज उरत नाही. परंतु वस्त्र तंतूंवर अवलंबून असते ते एकदाच नव्हे, ते जोवर आहे तोवर. त्याचे सिद्ध असणेच आश्रयाने असते. सिद्धत्व आणि पारतंत्र्य यांत म्हणून विरोध नाही. तंतूंहून निराळे वस्त्र आहेच कोठे, हा बौद्धांचा प्रश्न यानंतरही उभा राहतो. पण तो अवयवीविषयीचा स्वतंत्र वाद आहे, आणि केवळ संबंधाच्या अशक्यतेवरून त्याचा निकाल लावता येत नाही.

अवलंबनाची दिशा सहभावातून मिळत नाही, ही गोष्ट अलीकडच्या पाश्चात्त्य विवेचनातही पुढे आली आहे. किट फाइन यांनी १९९४ साली एक उदाहरण दिले. सॉक्रेटिस हाच एकमेव घटक असलेला संच घ्या. सॉक्रेटिस असेल तर हा संच असतोच, आणि संच असेल तर सॉक्रेटिस असतोच. दोहोंचे साहचर्य आवश्यक आहे. तरीही संच काय आहे हे सांगताना सॉक्रेटिसाचा उल्लेख अपरिहार्य ठरतो. सॉक्रेटिस कोण हे सांगताना संचाचा उल्लेख करावा लागत नाही. व्याप्ती दोन्हीकडून आहे, अवलंबन एकाच बाजूने आहे. हेच अंतर अन्नंभट्टांच्या लक्षणात वेगळ्या मार्गाने जपले गेले आहे.

५

आता किमतीविषयी. आश्रय हा आधेयाच्या स्वरूपातच असेल तर एक आणि नित्य असा समवाय कशासाठी हवा? समवाय एकच असेल तर वायूतील स्पर्शाचा समवाय तोच रूपाचाही समवाय ठरतो, आणि वायूला रूप का नाही, असा प्रश्न उद्भवतो. समवाय असला तरी वायूत रूपच नाही, असे उत्तर परंपरेने दिले आहे. पण मग कोणता गुण कोठे राहील हे समवाय ठरवीत नाही, ते पदार्थांच्या स्वरूपानेच ठरते, असे या उत्तरातच मान्य होते. रघुनाथ शिरोमणींनी समवाय अनेक मानले, ते सुधारणेचे पहिले पाऊल होय. दुसरे पाऊल असे की, समवाय ही पदार्थांच्या यादीतील एक नोंद नसून अवलंबनाच्या एका प्रकाराचे नाव आहे, असे मानावे.

हे दुसरे पाऊल प्राचीन वैशेषिकाला मानवणार नाही, कारण त्याच्या पदार्थसंख्येत त्यामुळे एकाची घट होते. शंकराचार्यांचा आक्षेप या मर्यादेपर्यंत यशस्वी झाला, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. परंतु त्या आक्षेपावरून वस्त्र आणि तंतू, गुण आणि द्रव्य यांतील भेदच मिथ्या आहे असा निष्कर्ष निघत नाही. भिन्न असूनही परतंत्र असणे शक्य आहे, हा वैशेषिकांचा मूळ सिद्धान्त. आणि समवायाला पदार्थपद राहिले नाही तरी तो टिकून राहतो.