हात का दुखतात?

दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे ऊस तोडण्यासाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून काम करतात. अशा जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. ऊस तोडायचा, वाढे छाटायचे, मोळी बांधायची आणि डोक्यावरून नेऊन गाडीत भरायची, असे हे काम असते. पहिल्या दिवशी हात फक्त थकतात. दुसऱ्या दिवशी दंड ताठतात. तिसऱ्या दिवशी तर पाण्याचा तांब्या उचलणेही जड जाते.

होडी वल्हवणाऱ्याचेही असेच होते. नाशिक जिल्ह्यातील दत्तू भोकनळ पूर्वी विहिरी खोदत. सैन्यात गेल्यावर ते वल्हे मारायला शिकले आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये तेरावे आले. पण माणूस कितीही बळकट असला तरी नवे काम स्नायूंना नवेच असते.

स्नायूंत लॅक्टिक आम्ल साठते म्हणून ते दुखतात, असे अजूनही पुष्कळ लोक सांगतात. ते खरे नाही. हे आम्ल काम थांबल्यावर तास-दोन तासांतच निघून जाते. मग दुसऱ्या दिवशी कशाने दुखेल? १९०२ मध्ये अमेरिकेतील थिओडोर हफ यांनी वेगळे कारण सुचवले. सवय नसलेल्या कामाने स्नायूंच्या आत बारीक इजा होते. ती भरून येताना सूज येते व दुखते. भार पेलत स्नायू ताणला गेला, तर ही इजा जास्त होते. म्हणूनच टेकडी चढण्यापेक्षा उतरल्यावर मांड्या अधिक दुखतात.

पाच-सात दिवसांत दुखणे थांबते. पुन्हा तेच काम केले तर हात पूर्वीइतके दुखत नाहीत. ही सवय काही आठवडे, कधी काही महिने टिकते. त्यामुळे पहिले दोन-तीन दिवस काम थोडे कमी करावे, हलकी हालचाल चालू ठेवावी आणि पाणी भरपूर प्यावे. पण फडात उचल फेडायची असते, मुकादम थांबू देत नाही. मग लोक वेदनाशामक गोळी घेतात आणि पुन्हा कोयता धरतात. उपाशीपोटी, कमी पाणी पिऊन रोज अशा गोळ्या घेतल्या तर पोट व मूत्रपिंडे बिघडू शकतात.

हात फार सुजले आणि लघवी काळ्या चहासारखी झाली, तर मात्र घरी थांबू नये. स्नायू फार तुटले की त्यांतील द्रव्ये रक्तात उतरतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. अशा रुग्णाला त्याच दिवशी दवाखान्यात न्यावे लागते. तेथे त्याला सलाईन लावतात.