कॉक्लिअर इम्प्लांट: उरलेली श्रवणशक्ती वाचवणारी ‘सॉफ्ट सर्जरी’ म्हणजे काय?

मूल हाकेला वळून बघत नाही, तरी ‘बोलेल उशिरा’ म्हणून घरचे थांबतात. शिरूर तालुक्यातील कवठे येमाई असो की पुणे शहर, ही वाट पाहणे महागात पडते. अंगणवाडीत वर्षातून दोनदा येणाऱ्या आरबीएसके पथकाला मूल दाखवता येते. श्रवणयंत्राने भागले नाही, तर कॉक्लिअर इम्प्लांटचा पर्याय असतो.

धोका कुठे?
आतल्या कानातील शंखाकृती कॉक्लिया जेमतेम वाटाण्याएवढा. त्यातील नळी सुमारे ३५ मिलिमीटर लांब. इलेक्ट्रोडची तार सरकवताना नाजूक पडदा फाटला, तर उरलेली श्रवणशक्तीही जाऊ शकते.

उपाय काय?
जर्मनीच्या अर्न्स्ट लेनहार्ट यांनी १९९३ मध्ये ‘सॉफ्ट सर्जरी’ मांडली. हाड कमीत कमी कोरायचे, बारीक व लवचिक तार ‘राउंड विंडो’ या नैसर्गिक झरोक्यातून संथपणे आत न्यायची, सूज रोखण्यासाठी स्टेरॉइड द्यायचे. हाताची थरथर टाळणाऱ्या ‘आयोटासॉफ्ट’ या मोटरचलित उपकरणाला अमेरिकेत २०२१ मध्ये परवानगी मिळाली.

फायदा काय?
खर्जातले आवाज कॉक्लियाच्या आतल्या टोकाशी टिपले जातात. थोडे ऐकू येणाऱ्यांचा हा भाग वाचला, तर गोंगाटातले बोलणे आणि संगीत अधिक चांगले कळते. पूर्ण कर्णबधिर मुलांनाही उपयोग आहेच. पुढे इम्प्लांट बदलावे लागले, तर आतली रचना शाबूत असते.

खर्चाचे काय?
पात्र मुलांना केंद्राच्या एडिप योजनेतून मदत मिळते. मुंबईतील अली यावर जंग संस्था त्याचे काम पाहते. मात्र भाषा शिकण्याची पहिली वर्षे हातची गेली, तर ती कोणत्याही शस्त्रक्रियेने परत येत नाहीत.