सुटणारे थर, थांबणारी गोळी

पवनचक्कीचं पातं बनवताना तंतू आणि त्यांना बांधणारं रेझिन जितके घट्ट चिकटतील तितकं चांगलं. बुलेटप्रूफ जॅकेटचं गणित उलटं आहे. तिथे रेझिन मुद्दाम कमी, साधारण १५ ते २० टक्केच घालतात आणि पकडही बेताची ठेवतात. गोळी लागली की तंतूंचे थर एकमेकांपासून सुटायलाच हवेत, कारण सुटता सुटता ते तिची ऊर्जा खातात.

९ मिलिमीटरची पिस्तुलाची गोळी सेकंदाला ४०० मीटरच्या आसपास वेगाने येते. ती केवलारसारख्या ॲरामिड तंतूवर आदळली की ताणाची लहर तंतूतून सेकंदाला सात किलोमीटरहून अधिक वेगाने दोन्हीकडे पळते. गोळी एक सेंटिमीटर सरकेपर्यंत लहर १५ सेंटिमीटरांपलीकडे पोचू शकते. म्हणजे गोळीशी एकटा आघाताचा ठिपका झुंजत नाही, आजूबाजूचा बराच भाग झुंजतो. विणलेल्या कापडात धागे एकमेकांवरून जातात तिथे ही लहर अडखळते. म्हणून अनेकदा विणकाम टाळून एका थरात सगळे तंतू उभे, पुढच्यात सगळे आडवे असे रचतात.

चाचणीनंतर अशा थरांचं पॅनेल मधोमध कापलं, की पुढचे थर कापले गेलेले दिसतात आणि मागचे शिवण उसवलेल्या वहीसारखे फुगलेले. खरं काम या मागच्या थरांनी केलेलं असतं.

पोलादी गाभ्याची रायफलची गोळी मात्र नुसत्या तंतूंना आवरणं अवघड. तिच्यासाठी पुढे सिरॅमिक लागतं, ते गोळीचं टोक मोडतं. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्राच्या ‘भाभा कवच’मध्ये त्यासाठी बोरॉन कार्बाइड वापरलं आहे.

गोळी थांबली तरी धक्का उरतोच. चाचणीत जॅकेटमागे मातीसारखा मऊ गोळा ठेवतात. अमेरिकी मानकानुसार त्यात ४४ मिलिमीटरपेक्षा खोल खळगा पडला तर जॅकेट नापास.

पण नव्या जॅकेटची चाचणी पुरेशी नाही, असं माझं ठाम मत आहे. झायलॉन नावाचा तंतू ॲरामिडपेक्षाही बळकट होता. २००३ मध्ये पेनसिल्व्हेनियात एका पोलिसाचं झायलॉनचं जॅकेट भेदून गोळी आत गेली. दमटपणा आणि प्रकाशाने हा तंतू झिजतो, हे तपासात दिसलं आणि २००५ मध्ये त्याची मान्यता काढून घेण्यात आली. ओल्या ॲरामिड कापडाचीही ताकद घटते, म्हणून त्याच्यावर जलरोधक आवरण असतं. पावसाळाभर बंदोबस्ताला उभ्या राहणाऱ्या मुंबईच्या पोलिसासाठी ते आवरण कुठे फाटलंय का, हे नियमित तपासलंच पाहिजे.