रोग दिसतो, शत्रू दिसत नाही

कुकडी, मीना आणि घोड या नद्यांच्या पाण्याने जुन्नर व आंबेगाव तालुक्यांच्या शेतीला जी समृद्धी दिली, तिच्यात उन्हाळी टोमॅटोचा वाटा मोठा आहे. नारायणगावच्या बाजारात लागणाऱ्या क्रेटच्या राशी त्याची साक्ष देतात. परंतु हे पीक जितके पैसा देणारे, तितकेच पैसा मागणारे आहे. रोपे, तार-काठी, ठिबक, आच्छादनाचा कागद, खते आणि मजुरी एवढे सारे जमिनीत घातल्यावर मगच पहिला तोडा हाती येतो. अशा पिकावर ऐन फळधारणेत संकट कोसळले, तर शेतकऱ्याचा केवळ हंगाम नव्हे, तर पुढच्या हंगामाचे भांडवलही जाते.

२०२० च्या उन्हाळ्यात नेमके हेच घडले. जुन्नर, आंबेगाव आणि शेजारच्या अकोले-संगमनेर भागात टोमॅटोची फळे एकसारखी पिकेनाशी झाली. एकाच फळावर पिवळे, तांबडे, हिरवट पट्टे उमटू लागले, आणि गावकऱ्यांनी या रोगाला ‘तिरंगा’ असे नाव देऊन टाकले. टाळेबंदीने बाजार आधीच मोडला होता. त्यात ही भर पडली. कोणी बियाण्याला दोष दिला, कोणी हवामानाला, कोणी औषधांना. अखेर नमुने बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेकडे गेले आणि मुख्य अपराधी म्हणून काकडीवरील मोझेक विषाणूचे नाव पुढे आले.

हा विषाणू नवा नाही. १९१६ पासून तो शास्त्रज्ञांना ठाऊक आहे, आणि हजाराहून अधिक जातींच्या वनस्पतींवर तो जगू शकतो. मावा ही कीड त्याचे वाहन. प्रश्न असा पडतो की, ज्याची सारी जनुकीय सामग्री आरएनएच्या अवघ्या तीन तुकड्यांत मावते, त्या सूक्ष्म घटकापुढे एवढ्या नानाविध वनस्पती हतबल का व्हाव्यात? वनस्पतींना स्वसंरक्षणाचे काहीच साधन नाही काय?

साधन आहे, आणि ते विलक्षण आहे. १९२८ साली अमेरिकेत असे आढळले होते की, विषाणूने ग्रासलेल्या तंबाखूच्या झाडाची खालची पाने रोगट राहतात, पण नंतर फुटणारी वरची पाने निरोगी निघतात. त्यामागचे रहस्य उलगडण्यास सत्तर वर्षे लागली. विषाणू पेशीत आपल्या आरएनएच्या प्रती काढू लागला की दुपदरी आरएनए तयार होतो. झाडाच्या दृष्टीने हीच चोराची चाहूल. झाडातील एक विकर त्या दुपदरी धाग्याचे एकवीस-बावीस अक्षरांचे तुकडे करते. हे तुकडे ‘आर्गोनॉट’ नावाच्या प्रथिनाच्या हाती पडतात, आणि चोराचे वर्णन खिशात घेऊन हिंडणाऱ्या शिपायाप्रमाणे ते प्रथिन जुळणारा आरएनए शोधून तो छाटून टाकते. इतकेच नव्हे, तर इशाऱ्याची वर्दी एका पेशीतून दुसरीत आणि पुढे कोवळ्या शेंड्यापर्यंत जाते. विषाणूच्या आरएनएची वाचा अशा रीतीने बंद पाडली जाते, म्हणून या क्रियेला आरएनएचे मौन म्हणता येईल.

परंतु विषाणूही स्वस्थ बसलेला नाही. १९९८ साली इंग्लंड व अमेरिकेतील प्रयोगशाळांनी दाखवून दिले की, काही विषाणूंजवळ हे मौन मोडणारी खास प्रथिने असतात. काकडी मोझेक विषाणूचे ‘२बी’ हे प्रथिन त्यांपैकी अग्रगण्य. ते एकीकडे त्या लहान तुकड्यांना स्वतःच घट्ट धरून ठेवते आणि दुसरीकडे आर्गोनॉटला चिकटून त्याची धार बोथट करते. म्हणजे शिपायाच्या खिशातले वर्णनही पळवायचे आणि हातही बांधायचे. हे प्रथिन काढून टाकलेला विषाणू प्रयोगात दुबळा ठरतो. पण ज्या झाडात तुकडे करणारी विकरेच निकामी केली आहेत, तेथे तोच दुबळा विषाणू पुन्हा माजतो. लढाई नेमकी कोठे चालते, याचा याहून स्पष्ट पुरावा कोणता हवा?

विशेष म्हणजे हीच यंत्रणा झाड आपल्या पानाफुलांची वाढ आखण्यासाठीही वापरते. म्हणून विषाणूने तिच्यात हात घातला की पाने चिंचोळी होतात, वाढ वेडीवाकडी होते. शेतकऱ्याला जी कुरूपता दिसते, तिचा काही भाग हा या लढाईतील मोडतोडीचाच असतो. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. एका विषाणूने झाडाला नि:शस्त्र केले की दुसऱ्याचेही फावते. बटाट्यावरील एक्स आणि वाय हे दोन विषाणू एकत्र आले असता रोग कितीतरी पटींनी का बळावतो, याचे उत्तर येथेच आहे. सातगाव पठारावर बटाटा पिकवणाऱ्या आंबेगावच्या शेतकऱ्याला हे शास्त्र परके नाही. बियाण्यातून पिढ्यान्पिढ्या साचत जाणाऱ्या विषाणूंमुळेच त्याला बाहेरून निरोगी बेणे आणावे लागते.

या ज्ञानाचा व्यवहारात उपयोग काय? पहिला उपयोग असा की, खोट्या उपायांवरील खर्च थांबावा. विषाणूला मारणारे औषध फवाऱ्यात नसते. मावा मारून हा रोग रोखावा म्हटले, तर कीड काही क्षणांच्या टोचणीतच विषाणू एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. विष अंगी भिनेपर्यंत तिचे काम झालेले असते. उपाय आहेत ते आधीचे: जाळीतील रोपवाटिका, शेताभोवती मका-ज्वारीच्या ओळी, रोगट झाडे तत्काळ उपटणे, तण काढणे, आणि गावाने मिळून पिकात खंड पाडणे. यांतील शेवटचा उपाय एकट्या शेतकऱ्याच्या हातचा नाही, म्हणूनच तो सर्वांत दुर्लक्षित आहे.

हवाईमध्ये १९९८ पासून लागवडीस आलेल्या पपईत विषाणूचाच एक जनुक घालून मौनाचे अस्त्र आधीच परजून ठेवण्यात आले आणि तेथील बागा सावरल्या. भारतात मात्र २०१० साली बीटी वांग्याला स्थगिती मिळाल्यापासून जनुकबदल केलेल्या अन्नपिकांचा प्रश्न वादात अडकला आहे. शिवाय मौनावर आधारलेले संरक्षण दुसऱ्या विषाणूच्या मौनभंजक प्रथिनापुढे ढिले पडू शकते. तेव्हा त्या एका मार्गावर भिस्त ठेवून चालणार नाही.

खरी निकड आहे ती वेळीच निदान होण्याची. याच तालुक्यातील खोडद येथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तबकड्या अब्जावधी प्रकाशवर्षांवरील क्षीण संदेश टिपतात. ज्या वर्षी टोमॅटोचे नमुने बंगळुरूला गेले, त्याच वर्षी माणसाच्या विषाणूसाठी आरटी-पीसीआर तपासणी जिल्ह्याजिल्ह्यांत उभी राहिली. आणि काकडीचा मोझेक विषाणू त्याच तंत्राने ओळखता येतो. तंत्र आहे, शिकलेली मुले आहेत, नारायणगावचे कृषी विज्ञान केंद्र आहे. रोपवाटिकेतून रोप बाहेर पडण्यापूर्वी त्याची तपासणी व्हावी आणि तिचा दाखला शेतकऱ्याच्या हाती पडावा, एवढी व्यवस्था अशक्य म्हणता येणार नाही. झाड आपली लढाई पेशीपेशीत लढत असते. त्याच्या मदतीला माणसाने फळ बिघडल्यावर नव्हे, तर रोप लावण्यापूर्वी धावले पाहिजे.